कारखान्याचे जुळे, पृथ्वीचे जुळे

'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द न ऐकलेला दुकानदार आज शोधूनही सापडणार नाही. त्याच्या जोडीला आणखी एक शब्द औद्योगिक प्रदर्शनांतून आणि यंत्रे विकणाऱ्यांच्या तोंडून ऐकू येऊ लागला आहे, तो म्हणजे 'डिजिटल ट्विन'. ट्विन म्हणजे जुळे. 'तुमच्या कारखान्याचे जुळे संगणकात उभे करून देतो. वीज वाचेल, पाणी वाचेल, धूर कमी होईल,' असे सांगणारे प्रतिनिधी आता मध्यम कारखानदारांच्या दारातही येऊ लागले आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ऐकले तसे मानून पैसे मोजावेत असेही नाही. ही वस्तू मुळात काय आहे, पर्यावरणाच्या अभ्यासात तिने खरोखर काय साधले आहे आणि बर्फाचा कारखाना, शीतगृह, रंगाईचे खाते चालविणाऱ्या आपल्या बंधूंना तिच्यातून काय घेता येईल, हे आज पाहू.

जुळे म्हणजे नकाशा नव्हे

घराचा नकाशा, गिरणीचा लाकडी नमुना, मुलांची खेळण्यातली रेल्वे ह्या वस्तू मूळ वस्तूसारख्या दिसतात. पण मूळ वस्तूत उद्या काही बिघडले तर त्यांना त्याचा पत्ता नसतो. जुळ्याचे तसे नाही. खऱ्या यंत्रावर तापमान, दाब, वीज मोजणारी मापके बसविलेली असतात व त्यांचे आकडे ठराविक मिनिटांनी संगणकाकडे जात असतात. संगणकात त्या यंत्राचे गणित मांडलेले असते आणि येणाऱ्या आकड्यांबरोबर ते स्वतःला दुरुस्त करीत राहते. त्यामुळे खऱ्या यंत्राची ह्या घटकेला जी अवस्था, तीच संगणकातल्या यंत्राची. मग खऱ्या यंत्राला हात न लावता प्रयोग करता येतात. पंप हळू फिरविला तर काय होईल? पाणी दोन अंश कमी थंड ठेवले तर? प्रयोग फसला तरी माल नासत नाही आणि मोटार जळत नाही.

ह्या कल्पनेचे मूळ सांगताना अपोलो १३ ह्या अमेरिकी यानाचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या ह्या यानातील प्राणवायूची टाकी पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरांहून अधिक अंतरावर फुटली. परतीच्या प्रवासात विजेचा थेंब थेंब जपून वापरावा लागणार होता. जमिनीवर त्याच यानाची, अंतराळवीरांच्या सरावासाठी केलेली प्रतिरूपे होती. वरून रेडिओने येणाऱ्या माहितीप्रमाणे ती लावून, यंत्रे कोणत्या क्रमाने चालू केली तर उरलेली वीज पुरेल हे खाली करून पाहण्यात आले आणि तो क्रम वर वाचून दाखविण्यात आला. १७ एप्रिलला तिघेही अंतराळवीर सुखरूप परतले. त्या वेळी 'डिजिटल ट्विन' हे नाव नव्हते. मायकेल ग्रीव्ज ह्यांनी २००२ साली मिशिगन विद्यापीठात ही कल्पना कारखानदारीसाठी मांडली. नाव पुढे नासाच्या जॉन व्हिकर्स ह्यांनी दिले.

ह्यात कृत्रिम बुद्धिमत्ता कोठे येते, असा प्रश्न कोणी विचारील. यंत्राचे गणित दोन रीतींनी मांडता येते. पहिली रीत पदार्थविज्ञानाची. उष्णता अमुक वेगाने वाहते, पाणी अमुक दाबाने चढते, हे नियम घेऊन समीकरणे सोडवावयाची. दुसरी रीत आपल्या जुन्या मिस्त्रीची. तो कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून सांगतो की आज गॅस कमी आहे. त्याने समीकरण सोडविलेले नसते. पंचवीस वर्षे तो आवाज ऐकलेला असतो. कृत्रिम बुद्धिमत्ता ही ह्या दुसऱ्या जातीची आहे. तिला वर्षानुवर्षांचे आकडे दाखवावे लागतात. मग अशा स्थितीनंतर काय घडते हे ती ओळखू लागते. मिस्त्रीची हुशारी आणि मिस्त्रीचे दोष, दोन्ही तिच्यात उतरतात. पुढे त्याकडे वळावयाचेच आहे.

थंडाव्याचा हिशेब

गुगल ही कंपनी आपली माहिती ज्या इमारतींत साठविते तेथे हजारो संगणक रात्रंदिवस चालतात आणि भट्टीसारखी उष्णता सोडतात. ती काढण्यासाठी चिलर, कूलिंग टॉवर, पंप, पंखे असा सर्व जामानिमा लागतो. शीतगृह चालविणाऱ्यास ह्यातले एकही नाव परके नाही. २०१४ साली तेथील अभियंता जिम गाओ ह्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अशा एका केंद्राचे सुमारे दोन वर्षांचे, दर पाच मिनिटांनी घेतलेले आकडे त्यांनी संगणकाला शिकविले. किती पंप चालू आहेत, टॉवरमधून पाणी किती अंशांवर बाहेर पडते, बाहेरची हवा किती दमट आहे, वारा कोणत्या दिशेचा आहे, अशा १९ गोष्टी. त्यावरून ते केंद्र थंडाव्यावर व इतर वरकड कामांवर किती वीज खर्च करील हे संगणक जवळजवळ अचूक सांगू लागला. नवीन मापके जवळपास बसवावी लागलीच नाहीत. आकडे आधीपासून गोळा होत होते. ते कोणी ह्या रीतीने वाचले नव्हते, इतकेच.

पुढची पायरी जुलै २०१६ मध्ये जाहीर झाली. गुगलच्याच डीपमाइंड ह्या संस्थेने हे गणित आणखी खोल केले आणि त्याच्या सल्ल्याने प्रत्यक्ष एक केंद्र चालवून पाहिले. थंडाव्यासाठी लागणारी वीज ४० टक्क्यांपर्यंत घटली. सल्ला बंद करताच खर्च पुन्हा वर चढला, म्हणजे बचत हवामानामुळे झाली नव्हती हेही सिद्ध झाले. ह्या ४० टक्क्यांची बातमी जगभर पसरली व आजही विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ती दिसते. परंतु व्यापाऱ्याने टक्का ऐकला की विचारावे, कशाचा टक्का? ही बचत थंडाव्याच्या विजेतली होती. संगणक स्वतः जी वीज खातात तिला ती लागू नव्हती. संगणकांव्यतिरिक्त जाणाऱ्या एकूण वरकड विजेचा हिशेब केला तेव्हा घट १५ टक्के भरली, आणि ही वरकड वीज एकूण बिलाचा लहानसा भाग. तरीही एवढ्या मोठ्या कारभारात ही रक्कम थोडी नव्हे. पण ४० टक्के बिल वाचले असे जो कोणी आपल्याला सांगेल, त्याने मूळ माहिती वाचलेली नाही किंवा वाचून लपविली आहे.

२०१८ साली सल्ल्याऐवजी संगणकाच्याच हाती कळा देण्यात आल्या. दर पाच मिनिटांनी तो हजारो मापकांचे आकडे पाहतो व नवी जुळणी सुचवितो. सुरुवातीस बचत १२ टक्के होती. नऊ महिन्यांत आकडे वाढले तशी ती ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. आमच्या मते ह्या प्रयोगातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट बचतीची नव्हे, मर्यादांची आहे. माणसांनी आखलेल्या सुरक्षित सीमांच्या बाहेरची आज्ञा यंत्राने दिली तर ती तेथेच अडते आणि पाळीवरचा माणूस कोणत्याही क्षणी कारभार आपल्या हाती घेऊ शकतो.

पृथ्वीचे जुळे

एका इमारतीचे जुळे करता येते, मग पृथ्वीचे का करू नये? हा प्रश्न युरोपने गांभीर्याने घेतला आहे. युरोपीय आयोगाच्या 'डेस्टिनेशन अर्थ' ह्या योजनेची पहिली आवृत्ती १० जून २०२४ रोजी फिनलंडमधील कायानी ह्या गावी सुरू झाली. तीत आरंभी दोन जुळी आहेत. पहिले पूर, वादळ, उष्णतेची लाट अशा तीव्र घटनांसाठी. दुसरे पुढील काही दशकांच्या हवामानासाठी, म्हणजे बंदर, धरण, शेती ह्यांची आखणी करणाऱ्यांना 'तापमान एवढे वाढले तर येथे काय होईल' हे विचारता यावे म्हणून. पृथ्वीभर सुमारे ५ किलोमीटरच्या चौकटी पाडून हे गणित चालते. २०३० पर्यंत पृथ्वीचे पूर्ण जुळे उभे करावयाचे असा संकल्प आहे. संकल्पाच्या भव्यतेविषयी शंका घेण्यास जागा आहे. पण काम चालू आहे.

कायानीतला 'लुमी' नावाचा महासंगणक ज्या आवारात आहे तेथे पूर्वी कागदाची गिरणी होती. गिरणी बंद पडली, जलविद्युत मात्र होती. आज संगणकाची वीज तीच, आणि त्यातून निघणारी उष्णता वाया न घालविता नळांवाटे गावात नेतात. घरे उबदार ठेवण्यासाठी गावाला लागणाऱ्या उष्णतेचा सुमारे पाचवा हिस्सा त्यातून भागतो. बंद गिरण्यांच्या जागी काय करावे ह्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद चालले, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

ह्याच्या समांतर कृत्रिम बुद्धिमत्तेने हवामानाच्या अंदाजात मोठी उडी घेतली. युरोपच्या मध्यम मुदतीच्या हवामान केंद्राने १९४० पासूनच्या जगभरच्या हवेची तासातासाची नोंद तयार करून ठेवली आहे. जमीन, जहाजे, फुगे, विमाने, उपग्रह ह्यांचे जुने आकडे एकत्र बसवून केलेली ही जणू पृथ्वीची रोजकीर्द. डीपमाइंडच्या 'ग्राफकास्ट' ह्या प्रणालीला ह्या रोजकीर्दीतील १९७९ ते २०१७ ही ३९ वर्षे शिकविण्यात आली आणि ती न पाहिलेल्या पुढील वर्षांवर तपासण्यात आली. दहा दिवसांचा अंदाज ती एका मिनिटाच्या आत देते. जुन्या रीतीत त्यासाठी महासंगणक तासन्‌तास चालतो. सप्टेंबर २०२३ मध्ये 'ली' हे चक्रीवादळ कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया किनाऱ्यावर आदळेल हे तिने नऊ दिवस आधी दाखविले, तर नेहमीच्या पद्धतींचे अंदाज सुमारे सहा दिवस आधी स्थिरावले. त्या युरोपीय केंद्राने स्वतःची अशी प्रणाली २५ फेब्रुवारी २०२५ पासून रोजच्या वापरात आणली. एक अंदाज काढण्यास तिला जुन्या रीतीच्या सुमारे हजारावा हिस्सा वीज लागते, असे त्या केंद्राचे म्हणणे आहे.

थांबलेला पाऊस

हे सर्व युरोप-अमेरिकेचे झाले. आपल्याकडे त्याचा प्रत्यय २०२५ च्या पावसाळ्यात आला. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात उतरला आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो नोंदींमध्ये कधीच आला नव्हता. बाजारपेठेला अशा बातमीचा अर्थ कळतो. बियाणे व खते उचलली जातात, ताडपत्री व छत्र्यांचा भाव चढतो, उघड्यावरचा कांदा सडू लागतो. पाऊस असाच पुढे सरकणार असे सर्वांनी धरले. पण तो वाटेत थांबला. उत्तरेकडची त्याची चाल सुमारे वीस दिवस खोळंबली.

त्याच वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पाऊस केव्हा सुरू होईल ह्याचे अंदाज भ्रमणध्वनीवर संदेशाने पाठविले होते. काहींना ते चार आठवडे आधीपर्यंत मिळाले. गुगलची 'न्यूरलजीसीएम' ही प्रणाली, वर सांगितलेली युरोपीय प्रणाली आणि भारतीय हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी ह्यांच्या मिलाफातून ते काढलेले होते. मधला खोळंबा ह्या अंदाजांनी ओळखला आणि शेतकऱ्यांना तसे पुन्हा कळविण्यात आले. ज्याने बियाणे घरात ठेवून वाट पाहिली त्याची दुबार पेरणी टळली. मध्य प्रदेश व बिहारमध्ये सरकारने नंतर फोनवरून विचारपूस केली, तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी अंदाज पाहून जमिनीची मशागत, पेरणीची वेळ वा पिकाची निवड बदलल्याचे आढळले.

आपल्या वाचकांत बी-बियाणे व खतांचे दुकानदार आहेत, फळांचे अडते आहेत, मालमोटारी चालविणारे आहेत. उधारीवर माल देणाऱ्याला तर दुबार पेरणीचा अर्थ शेतकऱ्याइतकाच कडू लागतो. पहिली उधारी बुडते आणि दुसरी द्यावी लागते. म्हणून असे संदेश केवळ शेतकऱ्याचे समजू नयेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही प्रणालीही २६ मे २०२५ रोजी राष्ट्रास अर्पण झाली. ती मात्र समीकरणांच्या रीतीची आहे. पूर्वी देशाचा अंदाज १२ किलोमीटरच्या चौकटीत निघे. आता ६ किलोमीटरच्या निघतो. तालुक्याच्या ऐवजी काही गावांच्या समूहापुरता अंदाज, असा त्याचा व्यावहारिक अर्थ. 'अर्क' नावाचा पुण्यातला महासंगणक हे काम करतो.

मिस्त्रीने न ऐकलेला आवाज

आता दोषांकडे वळू. पंचवीस वर्षांत जो आवाज मिस्त्रीच्या कानी पडलाच नाही, तो त्याला ओळखता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नेमके हेच आहे. शिकागो विद्यापीठातील व त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०२५ साली ह्याची परीक्षा घेतली. चक्रीवादळांच्या पाच श्रेणी असतात. त्यांनी हवामानाची एक प्रणाली शिकविताना जुन्या नोंदींमधून तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीची सर्व वादळे काढून टाकली आणि मग पाचव्या श्रेणीचे वादळ तिच्यासमोर ठेवले. वादळ येत आहे हे तिने ओळखले. पण ते दुसऱ्या श्रेणीच्या पुढे जाईल असे तिने कधीच सांगितले नाही. हा दोष जिवावर बेतणारा आहे, कारण असा अंदाज ऐकून माणूस घर सोडीत नाही आणि होडी वर ओढीत नाही. त्याच परीक्षेत एक आशेची बाजूही दिसली. एका महासागरातली मोठी वादळे तिला दाखविली तर दुसऱ्या महासागरातल्या तशा वादळांविषयी ती काही प्रमाणात सावध होते.

हवामान बदलत असताना आजवर न झालेल्या गोष्टीच अधिक होणार, हे तर सर्व शास्त्रज्ञ सांगत आहेत. म्हणून समीकरणांची रीत मोडीत काढून चालणार नाही. पृथ्वीच्या जुळ्यातही दोन्ही रीती एकत्र नांदविण्याचा प्रयत्न चालला आहे, तो ह्याचसाठी.

दुसरा दोष खुद्द ह्या तंत्राच्या भुकेचा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातील माहिती केंद्रांनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या विजेच्या हा दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटांवर जाईल असा अंदाज आहे, म्हणजे आज सबंध जपान वापरतो त्याहून थोडा अधिक. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण ज्यांच्या घरात लहानपणापासून दिली जाते त्यांना हा हिशेब विचारण्याचा हक्क आहे. हवामानाचा अंदाज हजारपट स्वस्त झाला हे खरे. पण तीच यंत्रे जर दिवसभर निरर्थक चित्रे काढण्यात गुंतली, तर वाचविलेली वीज कोठे गेली?

आपल्या कारखान्याचे काय?

समजा, रत्नागिरी किंवा हर्णैच्या बाजूला कोणाचा बर्फाचा कारखाना आहे. त्याला महासंगणक नको आहे. त्याला एवढेच कळावयास हवे की एक टन बर्फामागे किती युनिट वीज गेली, आणि गेल्या महिन्यापेक्षा ती वाढली तर का वाढली. बहुतेक ठिकाणी ह्याचे उत्तर मिळत नाही. महिन्याचे बिल असते, विकलेल्या लाद्यांचा अंदाज असतो. मधले सर्व मिस्त्रीच्या डोक्यात. तो मिस्त्री आखातात नोकरीस गेला की पंचवीस वर्षांची विद्या त्याच्याबरोबर जाते.

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मार्गदर्शक पुस्तकांतला एक साधा नियम पाहा. थंडावा देणाऱ्या यंत्रात बाष्पीभवनाचे तापमान एक अंशाने वर ठेवता आले तर विजेत सुमारे ३ टक्के बचत होते. कारखान्यात मिठाचे पाणी उणे १४ अंशांवर ठेवण्याची सवय पडली असेल आणि ते उणे ११ वर ठेवता आले, यंत्राचेही तेवढेच वर सरकले, तर ८-९ टक्के बचत संभवते. मात्र बर्फ गोठण्यास वेळ अधिक लागेल. मासळीच्या हंगामात, ट्रॉलर धक्क्याला उभे असताना हा वेळ परवडणार नाही. पण १ जून ते ३१ जुलै ह्या बंदीच्या काळात, किंवा मागणी मंद असलेल्या आठवड्यांत? कोणत्या दिवशी किती अंश ठेवावे हे ठरविणे, म्हणजेच जुळ्याचे काम. आणि ह्या कामाला पहिल्या वर्षी संगणकही लागत नाही. एक वही, एक चांगला तापमापक आणि कॉम्प्रेसरला स्वतंत्र वीजमीटर एवढे पुरते.

वहीत तासातासाला काय लिहावे? मिठाच्या पाण्याचे तापमान, कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे दाब, मीटरचा आकडा, बाहेरची उष्णता, निघालेल्या लाद्या. वीज गेली तर वेळ. कंडेन्सर धुतला तर तारीख. शीतगृहवाल्याने दार किती वेळ उघडे राहिले हेही लिहावे, कारण थंडावा सर्वांत जास्त तेथून पळतो. रंगाईच्या खात्यात ह्याच धर्तीवर प्रत्येक घाणीमागे पाणी, वाफ आणि रंग किती गेला हे मांडावे.

येथे एक नाजूक गोष्ट. पाळीवरचा माणूस आकडे न पाहताच लिहितो, हा सर्वांचा अनुभव आहे. पहाटे तीनचे, चारचे व पाचचे आकडे एकाच शाईत, एकाच वेळी लिहिलेले असतात. कुरआनात मापात कमी करणाऱ्यांवर 'मुतफ्फिफीन' ही संपूर्ण सूरह आहे, हे आपण तराजूच्या संदर्भात नेहमी सांगतो. तापमापकाचे मापही मापच आहे. खोट्या आकड्यांवर वाढलेले जुळे खोटेच निघते आणि त्याचा सल्ला खऱ्या यंत्राला भोवतो. ह्यासाठी पाळीवाल्याला दटावून भागत नाही. आकडा वाईट निघाला तर त्याच्यावर खापर फुटणार नाही असे त्याला आधी सांगावे लागते, नाहीतर तो नेहमी चांगलाच आकडा लिहील.

भांडवलाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. 'जुळे' विकत घेण्यासाठी व्याजी कर्जाच्या भानगडीत पडू नये. ह्या मार्गाचा पहिला टप्पा जवळजवळ फुकट आहे आणि त्यातून वाचलेल्या विजेच्या पैशातूनच पुढची मापके घेता येतात. मुलगा अभियांत्रिकीला किंवा आयटीआयला असेल तर त्याला वहीतले आकडे संगणकावर चढविण्यास सांगावे. घरच्या धंद्यात त्याला रस वाटावा ह्यासाठी ह्याहून चांगले निमित्त नाही.

आणि तरीही प्रतिनिधी आलाच, तर करार वाचताना दोन कलमे शोधावीत. आपल्या कारखान्याचे आकडे कोणाच्या मालकीचे, आणि करार संपल्यावर ते साध्या स्वरूपात परत मिळतील का? आपले उत्पादन किती, कोणत्या महिन्यात मंदी, हे सर्व त्या आकड्यांतून उघडे पडते. ती आपली अमानत दुसऱ्याच्या हाती जाते आहे, हे विसरू नये. दुसरे कलम असे की पाळीवरच्या माणसाला यंत्राचा सल्ला झुगारण्याचा अधिकार आहे का. गुगलने स्वतःच्या इमारतीत तो ठेवला, मग आपण का सोडावा?

शेवटी एक परीक्षा घ्यावी. हवामानाच्या प्रणालींची शास्त्रज्ञांनी घेतली तीच. वर्षभराच्या वहीतील प्रत्येक महिन्याचे पहिले तीन आठवडे प्रतिनिधीच्या हाती द्यावेत आणि शेवटच्या आठवड्याच्या विजेचे आकडे झाकून ठेवावेत. त्या आठवड्यांत बाहेरची उष्णता किती होती आणि लाद्या किती निघाल्या, एवढेच सांगावे. किती युनिट लागले हे त्याच्या गणिताने सांगावयाचे. त्याचे बारा आकडे एका बाजूला, वहीतले बारा आकडे दुसऱ्या बाजूला लिहून काढावेत. विशेषतः मे महिन्याचा आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या गर्दीचा आठवडा नीट पाहावा, कारण नेहमीच्या दिवसांचा अंदाज मिस्त्रीही सांगतो. आगाऊ रकमेचे बोलणे त्यानंतर करावे.